मालधक्क्यावरची घरं

हॉस्पिटलात सगळे तिला सिस्टर म्हणायचे आणि हळूहळू घरीही तेच नाव पडलं. नवरा बसचा ड्रायव्हर. दोघं शहराच्या पार टोकाला राहायची, कारण भाडं तिथलंच परवडायचं. सिस्टर अंधारात घराबाहेर पडायची आणि परत यायची तेव्हा मुलगी झोपलेली असायची.

"आपली पोरगी मला फक्त आडवीच माहीत आहे," ती नवऱ्याला म्हणायची. तो हसायचा, पण त्याची गतही वेगळी नव्हती.

हॉस्पिटलजवळच्या रेल्वे स्टेशनाला लागून जुना मालधक्का होता. मालगाड्या केव्हाच बंद झाल्या होत्या. पत्र्याची गंजकी शेड आणि कमरेएवढं गवत, एवढंच काय ते उरलं होतं. स्टेशनाजवळ जो घरं बांधेल त्याला सरकारी निधीतून कमी व्याजाने पैसे आणि जागा भाडेपट्ट्याने, असं नगरपालिकेने जाहीर केलं. अट एकच होती. निम्मी घरं साध्या पगारदाराला परवडतील अशी हवीत. ती ऐकून बहुतेक बिल्डर माघारी फिरले. एक तेवढा तळ ठोकून होता. त्याला तिथे ऑफिसं काढायची होती आणि अट सैल होण्याची तो वाट बघत होता.

सिस्टरने डबा खाता खाता ही बातमी बाकीच्यांना सांगितली. नर्सेस, वॉर्डातल्या मावश्या, स्वयंपाकघरातली माणसं, नवऱ्याच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर, सगळ्यांनी मिळून सोसायटी काढली. अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं आणि मग सिस्टरकडे.

तिची नणंद त्याच निधीच्या कचेरीत अधिकारी होती. नवऱ्याची थोरली बहीण, मोजकं बोलणारी. सिस्टरला वाटलं, घरचंच माणूस आहे, निम्मं काम फत्ते. नणंद जेवायला आली तेव्हा तिने विषय काढला.

"ताई, तुमच्या लोकांना नेमकं काय बघायचं असतं तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघून घेऊ."

ताईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "नाही सांगणार."

"म्हणजे?"

"म्हणजे यातलं तू मला काही विचारायचं नाहीस आणि मी तुला काही सांगायचं नाही."

"अगं ताई, ती काय तिजोरीची किल्ली मागतेय का?" नवरा म्हणाला.

"तू जेव," ताई म्हणाली.

सिस्टरच्या मनाला ते फार लागलं. परकं माणूसही एवढं तोडून बोललं नसतं. त्यानंतर ताई आली की गप्पा हवापाण्याच्या आणि मुलीच्या शाळेच्या. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये बसून दोघींनाही वाढायचा.

सोसायटीने निधीकडे अर्ज केला, पण निधीच्या समितीच्या पहिल्या बैठकीत नकार मिळाला. समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते, सरळ बोलणारे. "तुमच्या घरभाड्यातून आमचा हप्ता जेमतेम निघतोय. एखादं घर रिकामं राहिलं तरी तोल जाईल. दुसरं भरवशाचं उत्पन्न दाखवा, मग या."

माणसं हिरमुसली. दोघांनी तर सोसायटी सोडली. सिस्टरच्या डोक्यातून मात्र अध्यक्षांचं बोलणं जात नव्हतं.

हॉस्पिटल स्टेशनावरून वर, चढावर होतं. डायलिसिसचे पेशंट गाडीने यायचे आणि अर्ध्या चढावर फुटपाथच्या कडेला बसकण मारायचे. एका सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून वर नेताना सिस्टर एकदम थांबली. बाईंना वाटलं, ही दमली. त्यांना वॉर्डात पोचवून सिस्टर तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, तुम्हाला डायलिसिसला जागा कमी पडते. आमच्याकडे तळमजला आहे, स्टेशनाला लागून."

"मालधक्क्यावर? तिथे तर गवत आहे."

"तुम्ही भाड्याने घेतलात तर गवताच्या जागी तळमजला होईल, सर. आणि प्रवासाला कंटाळून नोकरी सोडणाऱ्या नर्सेस वर राहतील."

डॉक्टर आधी हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बसा. पुन्हा सांगा." कारण त्याच आठवड्यात दोघींचे राजीनामे त्यांच्या टेबलावर आले होते.

हॉस्पिटलच्या मंडळाला पटवायला बरेच महिने गेले, पण दीर्घ मुदतीचा करार झाला. दुसऱ्या बैठकीला सभागृह भरून गेलं. कोणी युनिफॉर्मवर आलं होतं, कोणी मूल काखेत घेऊन. समितीच्या अध्यक्षांनी करार वाचला आणि होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बिल्डरचे वकील उठले.

"या सोसायटीच्या अध्यक्षांची सख्खी नणंद याच कचेरीत अधिकारी आहे. हा प्रस्ताव विचारात घेताच येत नाही."

सिस्टर उत्तर द्यायला उठली.

"त्या अधिकारीबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला हे नातं सांगितलं," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "त्यांनी स्वतःहून या प्रस्तावाचं काम सोडलं. आत्तासुद्धा त्या या खोलीत नाहीत. तुमचा आक्षेप फेटाळला."

मग समितीतले हात वर झाले, एकूण एक. प्रस्ताव मंजूर. मागच्या रांगेतल्या मावश्यांनी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेचनात. ड्रायव्हर नवऱ्याने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

सिस्टर गर्दीतून वाट काढत बाहेर आली. ताई जिन्यापाशी भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत? मी केवढं वाईट वाटून घेतलं."

"सांगितलं असतं, तर कधीतरी बोलता बोलता बाकीचंही सांगून बसले असते," ताई म्हणाली. "तू दमून यायचीस, ते दिसत होतं मला. माझा माझ्यावरच भरवसा नव्हता गं."

सिस्टरने तिला मिठी मारली. ताईला असल्या गोष्टींची सवय नव्हती. ती आधी ताठ उभी राहिली, मग तिनेही सिस्टरच्या गळ्यात हात टाकले.

इमारत उभी राहिली. तळमजल्यावर डायलिसिसचं केंद्र, वर घरं, गॅलऱ्यांत वाळत घातलेले पांढरे आणि खाकी युनिफॉर्म. राहायला येऊन महिना झाला नसेल, तोच पुढच्या स्टेशनावरचे शिक्षक आणि सफाई कामगार सिस्टरचा पत्ता शोधत आले. त्यांच्या स्टेशनाशेजारीही अशीच एक जागा ओस पडली होती. ताई तेव्हा तिथेच बसलेली होती. ती कोण आहे हे कळल्यावर सगळे तिच्याकडे वळले.

"मला नका विचारू," ताई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. "यातलं सगळं हिला विचारा."

सिस्टरने सतरंजी पसरली, सगळ्यांना बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.