वालावरच्या अळ्या

देवकीनं वालाचं पान उलटलं आणि झटक्यात हात मागं घेतला. शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड, मावा, होताच, पण त्यातून काळ्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. पाठीवर नारिंगी ठिपके. काल त्या नव्हत्या.

काल सांजेला थोरली जाऊ भागी बांधावर वाकून पळसाच्या द्रोणातून काहीतरी झटकताना तिला दिसली होती. देवकी पोचायच्या आत ती निघून गेली. शेताची वाटणी झाल्यापासून, गेली दोन वर्षं, दोघींत शब्द नव्हता. देवकीचा नवरा तापानं गेला तेव्हाही भागी दाराशी येऊन उभी राहिली आणि तशीच परत फिरली. काय बघायला आली होती, कोण जाणे.

भात कापल्यावर त्याच ओलीवर पेरलेला हा वाल धसईच्या बाजारात गेला, तरच पावसाळ्यापर्यंत घरात तेलमीठ येणार होतं. वाल बुडाला की एकटी बाई माहेरी जाईल, आणि तिच्या वाट्याचं शेत थोरल्यांच्या घरात. देवकीच्या मनात सगळं नीट जुळत गेलं.

दुपारपर्यंत तिनं एकूण एक अळी वेचून दगडावर ठेचली.

आठवड्याभरात मावा दुणावला. शेंडे चिकट झाले, फूल गळू लागलं. तेव्हा मात्र ती तडक बांध ओलांडून गेली.

भागी आपल्या वालात बसली होती. देवकी तोंड उघडणार, तोच तिची नजर वेलांवर गेली. इथंही मावाच, आणि तिच्यापेक्षा जास्त. दुसऱ्याच्या पिकावर कीड सोडणारीचं शेत असं कसं?

"जाऊबाय, माझ्या वालात काय टाकलंत?" आवाज तिला हवा होता तेवढा चढला नाही.

"अळ्या," भागी मान वर न करता म्हणाली. "मावा खातात त्या. मोठ्या झाल्या का तांबडे, ठिपक्यांचे किडे होतात. माझ्यात होत्या तेवढ्या येचून दिल्या."

"सगळ्या?"

"मला घरात कमावणारे हायेत. तुला तेवढा वालच."

"मंग सांगितलं का नाय?"

"तू घेतल्या असत्यास?"



भागीनं आता वर पाहिलं. "कमी झाला का गो मावा?"

"झाला," देवकी म्हणाली. मग भागीला बांधापलीकडचं दिसू नये अशी तिच्यासमोर आडवी बसली, आणि तिच्या वालाचा माव्यानं काळा झालेला एकेक शेंडा बोटांनी पुसू लागली.