पहिल्याच घरी थांबलेलं यंत्र

अजीजाच्या पेन्सिलीचं टोक प्रत्येक चौकटीखाली सारखाच वेळ थांबत होतं. कम्प्युटरचा प्रोग्राम लिहायच्या कोडिंग शीटच्या एका ओळीत ऐंशी चौकटी. त्यांतल्या साठ रिकाम्या असल्या तरी टोक उडी मारून पुढे जात नव्हतं. रिकाम्या चौकटीखालीही ते टेकायचं, मग सरकायचं.

समोर बसलेली चन्नम्मा दुसरी प्रत मोठ्याने वाचत होती. "आर, ई, ए, डी. मोकळी जागा. कंस सुरू. पाच. स्वल्पविराम. एक. शून्य. कंस बंद."

"शून्याला काट मारलीय?" अजीजाने विचारलं.

"मारलीय की. न्हाईतर पुण्याची माणसं त्याला 'ओ' समजून बसतील."

होटगीकर मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. गणित शिकवायला लागून त्यांना बारा वर्षं झाली होती, पण प्रोग्राम असा वाचताना त्यांनी कुणालाच ऐकलं नव्हतं. सायन्सची मुलं कागदावरून नजर फिरवायची आणि "बरोबर आहे, मॅडम" म्हणून मोकळी व्हायची. या दोघी आर्ट्सच्या, वृत्तपत्रविद्या घेतलेल्या, तरी हौसेने मॅडमच्या वर्गाला येऊन बसणाऱ्या. अजीजा दुपारी एका छापखान्यात प्रुफं तपासायला जायची. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर टोक ठेवून ऐकायचं, ही तिथली रीत तिने वर्गात आणली होती. अक्कलकोटकडच्या चन्नम्माचा आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं काम तिच्याकडे.

ते १९७५ साल होतं. कॉलेजात कम्प्युटर नव्हता. मॅडम फळ्यावर फोरट्रान ही कम्प्युटरची भाषा शिकवत, मुलं कोडिंग शीटवर प्रोग्राम लिहीत आणि त्या शीट पार्सलने पुण्याला जात. तिथे एक संस्था त्यांवरून कार्डांना भोकं पाडून ती यंत्राला देई आणि उत्तर आठवड्याने परत येई. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा वाया.

त्याच संस्थेत दर उन्हाळ्यात कॉलेजची सहा मुलं पंधरा दिवस शिकायला जात. आजवर सगळी सायन्सची. यंदा त्यांत आर्ट्सची दोन नावं घाला, असं मॅडम ऑगस्टपासून म्हणत होत्या आणि प्राचार्य आबासाहेब ऑगस्टपासून "बघू" म्हणत होते. मार्चच्या एकतीस तारखेला यादी पोस्टात पडायची होती.

"होटगीकरबाई, कवितेचा अर्थ सांगणाऱ्या पोरी तिथं पाठवल्या तर पुण्याचे लोक हसतील आपल्याला," ते एकदा म्हणाले होते.

"त्यांचं काम बघून हसले तर मी ऐकून घेईन," मॅडम म्हणाल्या होत्या. त्यावरही उत्तर "बघू"च होतं.

काम मुलींनीच निवडलं होतं. सोलापुरातल्या तीनशे बारा घरी जाऊन त्यांनी दोन प्रश्न विचारले होते: घरात कुठली भाषा बोलता, आणि पेपर कुठल्या भाषेत वाचता? मराठीला एक, कन्नडला दोन, तेलुगूला तीन, उर्दूला चार. दर घराचं एक कार्ड. यंत्राने घराचा क्रमांक छापायचा, घर मोजायचं, बोलण्याची आणि वाचण्याची भाषा वेगळी असेल तर ते निराळंही मोजायचं आणि पुढच्या घरी जायचं.

पार्सल गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं ते चांगलं जाडजूड. मॅडमनी घडी उलगडली. पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता: एक. दुसऱ्या पानावरही एक. तिसऱ्यावरही. शेवटच्या पानावर तिथल्या माणसाने पेनने लिहिलं होतं, "यंत्र थांबेना. आम्ही थांबवले."

चन्नम्माने कपाळावर हात मारला. "एक नंबर म्हणजे आमच्या बसम्मामावशीचं घर! मशीन तिच्याच ओट्यावर बसून राहिलं की!"

"चहा घेतल्याबिगर ती सोडते का कुणाला?" अजीजा म्हणाली. पण हसली नाही. तिने प्रोग्रामची प्रत ओढून घेतली आणि पेन्सिल वरून खाली न्यायला लागली. अर्ध्यावर ती थांबली.

"मॅडम, माझी चूक. कार्ड वाचायची ओळ वर एकदा होती आणि खाली पुन्हा जशीच्या तशी. मला वाटलं, उतरवताना नजरचुकीने दोनदा आली. छापखान्यात द्विरुक्ती राहिली तर मालक लई बोलतो. म्हणून खालची मी काढून टाकली."

मॅडमना एकदम हसू आलं. बारा वर्षांत त्यांनी चुका पाहिल्या त्या निष्काळजीपणाच्या. जास्त काळजी घेतल्यामुळे झालेली ही पहिलीच.

"वरची ओळ पहिल्या घरी नेते," त्या म्हणाल्या. "खालची काय करते?"

अजीजाने पेन्सिलीचं टोक वरच्या ओळीवरून खालच्या मोकळ्या जागेवर आणलं. "पुढच्या घरी. एक घर झालं की दरवेळी." मग स्वतःशीच म्हणाली, "शब्द तेच, पण काम दुसरं."

तिने ती ओळ पुन्हा लिहिली, तिच्याखाली बारीक टिंबं दिली आणि समासात प्रुफाच्या पद्धतीने लिहिलं, 'तसेच ठेवा'. मग नव्या शीटवर सगळा प्रोग्राम उतरवून दोघींनी तो पहिल्यापासून वाचला, दोनदा. दुसऱ्या वेळी अजीजा वाचायला आणि चन्नम्मा तपासायला बसली.

दुसरं उत्तर एकतीस तारखेलाच, दुपारच्या डाकेने आलं. या वेळी घडी पातळ होती. मॅडमनी ती टेबलावर पसरली आणि शेवटचे आकडे तीनदा वाचले. घरं तीनशे बारा. भाषा वेगळी असलेली घरं एकशे अठ्ठेचाळीस. चुका: काही नाही. त्याच डाकेने सायन्सच्या मुलांचा प्रोग्राम चौथ्यांदा परत आला होता. त्यात एक कंस बंद करायचा राहिला होता.

मॅडम दोघींना घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. हेडक्लार्क इमामसाब यादी टाइप करायला कागद चढवून बसले होते. आबासाहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले.

"हे मॅडमनी लिहून दिलं असेल."

"मी एक अक्षरही लिहिलेलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

आबासाहेबांनी चन्नम्माकडे पाहिलं. "शेवटचं घर आलं हे यंत्राला कसं कळलं? त्याला काय डोळे आहेत?"

मॅडमना उत्तर द्यायचा मोह झाला. चन्नम्माने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"शेवटी एक खोटं कार्ड घातलंय, सर. भाषेच्या जागी नऊ. नऊ नंबरची भाषा सोलापुरात कुणीच बोलत न्हाय. ते कार्ड दिसलं की मोजणं बंद."

"आणि ते खोटं घर मोजलं गेलं तर?"

"न्हाई जात," अजीजा म्हणाली. "आधी नऊ आहे का ते बघायचं, मग मोजायचं. उलट केलं असतं तर तीनशे तेरा आले असते. ते आम्ही आधीच तपासलं."

इमामसाबांची बोटं टाइपरायटरवर तशीच थांबली होती. आबासाहेबांनी कागदाची घडी नीट घातली आणि हातात धरून ठेवली. मॅडमनी या दोघींना फळ्यासमोर उभं केलं होतं, चुकू दिलं होतं, आणि आज दोघींच्या वतीने उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. मान जरा वर करून त्या उभ्या राहिल्या.

"इमामसाब," आबासाहेब म्हणाले, "सहांतली दोन नावं आर्ट्सची लिहा. अजीजा आणि चन्नम्मा पुण्याला जाणार."