फ्रीजरमधलं रक्त

धाकटीला कात्री धरवेना, तेव्हा घरच्यांना वाटलं, केस कापून कापून अंगठा दुखावला असेल. पण दुखत काहीच नव्हतं. मनगट मात्र लुळं पडत चाललं होतं. एकदा गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि तिने पार्लरचं शटर ओढून घेतलं.

मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी हाताला तारा लावून तपासलं, रक्तही घ्यायला लावलं. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं असेल, तर तशा अँटीबॉडी रक्तात सापडतात. पण तो रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी निकाल सांगून टाकला. हा आजार बरा होत नाही. आधी हातपाय जातील, मग बोलणं, शेवटी श्वास. सोबत आलेल्या थोरल्या ताईने रक्ताचं विचारलं, तर म्हणाले, त्यातून काही निघणार नाही, आपली पद्धत म्हणून पाठवलंय.

धाकटीने पार्लर सोबतिणीच्या हवाली केलं. नवऱ्याला दुसरं लग्न कर म्हणून बजावलं. लेकीला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवलं.

ताई शाळेची व्हॅन चालवायची. तिला स्वस्थ बसवेना. लॅबला फोन केला की एकच उत्तर, टेस्ट अजून लागली नाही. शेवटी मुलांना शाळेत सोडून तिने व्हॅन थेट लॅबच्या दारात उभी केली.

लॅबच्या मुख्य डॉक्टर सौम्यपणे बोलल्या. किट महाग असतं, एका वेळी बऱ्याच पेशंटची तपासणी होते, म्हणून पुरेसे नमुने जमेपर्यंत रक्त फ्रीजरमध्ये राहतं. घाई आहे असं कळवलं असतं, तर बाहेरच्या लॅबला पाठवता आलं असतं.

ताई म्हणाली, "माझ्या बहिणीला डॉक्टरांनी मरणाची तारीख तेवढी द्यायची ठेवलीय. आणि तिचं रक्त इथे गर्दी जमायची वाट बघतंय?"

बाईंनी नमुना फ्रीजरमधून काढायला लावला. टेस्ट त्याच आठवड्यात लावली.

अँटीबॉडी निघाल्या, भरपूर. आजार दुसराच होता, आणि त्यावर औषध होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते शिरेतून द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी धाकटीने आपल्या हाताने नळ बंद केला, आणि नवरा तिथेच भांड्यांपाशी बसून रडला. पण अंगठ्याच्या बुडाचं मांस गेलं ते गेलंच. औषध आधी सुरू झालं असतं तर ते वाचलं असतं, असं नवे डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

दोघी बहिणी पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या. रिपोर्ट पाहून ते हसले. "चांगलीच बातमी आहे की! लक्षणं सारखी असतात, होतं असं."

ताई तोंड उघडणार, तोच धाकटीने तिला थांबवलं.

"तुम्हाला कळलं नाही, ते मी समजू शकते. पण कळलं नाही असं तुम्ही म्हणाला का नाहीत?"

डॉक्टरांनी बेल दाबून पुढच्या पेशंटला बोलावलं.

धाकटीने त्यांच्या रुग्णालयाकडे तक्रार केली. रुग्णालयाने चौकशी केली आणि डॉक्टरांची काही चूक नाही असं ठरवलं. लॅबने मात्र नसांच्या पेशंटचे नमुने अडकवून ठेवणं बंद केलं. धाकटी पार्लरमध्ये परतली. आता ती डाव्या हाताने कापते, सावकाश. गिऱ्हाईक म्हणतं, नशीब चांगलं तुमचं. त्यावर ती गिऱ्हाइकाची मान सरळ करते आणि पुढची बट कापायला घेते.