सगळ्यात बुटका खांब

काकांना स्वतःचा आवाज फार प्रिय. उद्या नव्या महाविद्यालयाच्या उद्घाटनाला त्यांचं भाषण होतं, म्हणून आज दुपारी जेवणं उरकल्यापासून दिवाणखान्यात त्याची रंगीत तालीम चालली होती. घरात मोकळी पांढरी भिंत एकच, आणि तिच्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा पदवीदानाचा फोटो. काकांनी तो खिळ्यावरून उतरवून सोफ्यावर पालथा घातला. प्रोजेक्टरचा आलेख भिंतीवर स्वच्छ दिसायला हवा ना.

आलेख पुतणीने काढला होता. संख्याशास्त्र शिकलेली पोर घरातच असल्यावर बाहेर पैसे कोण मोजतो? डावीकडे शाळेचं तोंड न पाहिलेले, उजवीकडे डॉक्टरेटवाले. शिक्षण वाढेल तसा आत्महत्यांचा खांब बुटका होत गेलेला, शेवटचा तर जेमतेम बोटभर. तो खांब जणू आपणच तासून घडवला अशा कौतुकाने काका त्याच्याकडे बघत होते.

"शिक्षण माणसाला जगायला शिकवतं," त्यांनी म्हणून पाहिलं. मग 'जगायला'वर जोर देऊन पुन्हा.

पुतणीला शिसारी आली. फोटोतला दादाही डॉक्टरेटवालाच होता. दोन वर्षांपूर्वी त्याने जीव दिला, तेव्हा काकांनी रडण्याआधी फोन लावले: एक डॉक्टर मित्राला, एक चौकीवरच्या जुन्या विद्यार्थ्याला. संध्याकाळपर्यंत कागदावर अपघात झाला होता. मागच्या गल्लीतल्या गवंड्याची बायको तशीच गेली, तेव्हा त्या बिचाऱ्याला फोन कुणाला करायचा हेच ठाऊक नव्हतं. त्याची बायको डावीकडच्या खांबात मुकाट्याने हजर होती.

काकूंना फक्त एकदा, लेक कसा गेला ते खरं सांगून रडायचं होतं. घरात त्याला बंदी होती.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, आलेख त्यांना कुणी समजावायला नको होता.

"यात आपला कुठाय गं?"

"नाहीये, काकू."

काका म्हणाले, हा विषय आत्ता नको. शिवाय शास्त्राच्या दृष्टीने एका माणसाने काय फरक पडतो, हे पुतणीनेच सांगावं. तिने सांगितलं, आणि खरं तेच सांगितलं: खांब केसभरही हलणार नाही.

"ऐकलंस?" काका म्हणाले.

"ऐकलं. मग लपवलंत कशाला?"

काकांनी हातातली लाल दिव्याची कांडी दोनदा दाबली आणि सेल उतरलेत वाटतं, असं पुटपुटले. दोन सुवर्णपदकं, तीन ग्रंथ, आणि उत्तर काय, तर सेल.

काकूंनी फोटो उचलला, तळहाताने पुसला आणि खिळ्याला लावला. खांब दादाच्या चेहऱ्यावर पडले.

"अगं, आकडे झाकले जातायत," काका म्हणाले.

पुतणीने प्रोजेक्टरची वायर उपटली. आलेख हवा असेल तर यापुढे तुमचा तुम्ही काढा, म्हणाली. काकू सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली.

"बस. तो कसा गेला ते तुला सांगायचंय."

तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती बसली.