जिनसेंगची चव

"गुडघा दुखायचा थांबला, एवढंच म्हण," रिक्षातून उतरताना वीरेशनं आईला पुन्हा बजावलं. "बाकीचं सर बोलतील."

"पण दुखतोय की अजून," दानम्मा म्हणाली.

"तुला एवढं बी जमंना का?"

दानम्माचं सिरसाळ्यात मसाल्याचं आणि जडीबुटीचं दुकान. नवरा गेल्यावर तीस वर्षं तिनं ते एकटीनं चालवलं. सुंठ, ज्येष्ठमध, अश्वगंधा नुसती जिभेवर ठेवून माल कसा आहे ते ती सांगायची. वीरेशला त्या दुकानाची लाज वाटे. त्यानं एका कंपनीचा जिनसेंगचा चहा विकायला घेतला होता आणि आज बीडच्या मंगल कार्यालयात त्या कंपनीची सभा होती.

कंपनीचे सर भर उन्हाळ्यात कोट घालून आले होते. गेल्या वर्षापर्यंत ते प्लॉट विकायचे. पडद्यावर जिनसेंगचं हातापाय फुटलेलं मूळ दाखवून ते म्हणाले, "हे माणसासारखं दिसतं, म्हणून माणसाला लागू पडतं!" आल्यालाही हातपाय फुटतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मग आवाज चढवून म्हणाले, "बीपीच्या, शुगरच्या गोळ्या कचऱ्यात टाका!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या वीरेशच्या.

दानम्माला वर बोलावून हातात कप दिला. वीरेशनं घरी आणलेला, ती रोज प्यायची तोच चहा. पहिल्या घोटाला ओल्या मातीचा वास आला, मग कडूपणा. गिळल्यावर मात्र घशात बारीक गोडवा उरला, तो जाईना. जिभेला कामाला लावणारी चीज होती. कंपनीनं त्यात गुलाबाचा वास ओतून तिची पार वाट लावली होती.

"चव चांगली हाय," ती माईकमध्ये म्हणाली. "वरून अत्तर कावून घातलं कळंना, पण मूळ चांगलं हाय. मी रोज पिते."

सर खुलले. "आणि गुडघा, आजी?"

"त्यो दुखतोच. चहा हाय ह्यो. पिल्यावर बरं वाटतं, तेवढंच. गोळ्या कुणी बंद करू नका. काय झालं तर ह्यो कोटवाला येणार न्हाई तुमच्या दारात."

मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. सरांनी माईक काढून घेतला. "आजी जरा घाबरल्यात."

पायऱ्यांपाशी वीरेश दातओठ खात म्हणाला, "लाज आणलीस."

"कुणाला?" तिनं विचारलं. तो सरांच्या मागं आत निघून गेला.

ती एकटीच चालत एसटी स्टँडवर आली. सभेतली एक बाई धापा टाकत मागून आली. सुरेखा तिचं नाव. "मावशी, ह्या चहापायी आमच्या मालकाच्या शुगरच्या गोळ्या म्या बंद केल्यात. आठ दिस झाले. काल चक्कर येऊन पडलेत ते."

"मंग हितं काय करायलीस? जा. आधी डाक्टरला दाखव. काय बंद केलं ते लपवू नको."

सुरेखा रस्ता ओलांडून सरळ पळत सुटली. तिच्या पुढ्यात सरांची पांढरी गाडी करकचून थांबली. पुढच्या सीटवर वीरेश होता. त्याचं लक्ष स्टँडकडं गेलं, आईशी नजरानजर झाली आणि त्यानं काच वर केली.

परळीची गाडी लागली. दानम्मानं खिडकीची जागा धरली, पदर नीट केला आणि कंडक्टरला म्हणाली, "सिरसाळा. एक."