वाकड्या मानेचे उंदीर

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचे आणि मेले की चिरून बघायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षं तेच केलं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आणि माणसाला एकदा मास्तर म्हटलं की त्याला शंका येईनाशा होतात, खरी गोम तिथेच आहे.

फिट येणाऱ्यांसाठीच्या एका नव्या औषधाची चाचणी दोन वर्षं चालली होती. निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं खाणं. औषधवाल्यांपैकी चौघांच्या मेंदूत गाठी निघाल्या, बिनऔषधाच्यांत एकाच्याही नाही. मग काय, खापर औषधावर. सोमवारच्या बैठकीत ते कायमचं बंद होणार होतं.

शुक्रवारी बिनऔषधाचा एक म्हातारा उंदीर मान वाकडी करून गोल गोल फिरला आणि दुपारपर्यंत मेला. मास्तरांनी कार्डावर 'कान' लिहिलं. कान पिकला की उंदराची मान वाकडी होते, हे शेंबडं पोरही सांगेल. औषधवाल्यांची कवटी ते न चुकता उघडत, कारण तिथे साहेब विचारत. या बाकीच्यांना कोण विचारतो? वाकडी मान दिसली की कान लिहायचं आणि जाळायला पाठवायचं.

पण नव्या डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्या कवटी उघडा म्हणाल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मास्तरांनी त्यांना चारचौघांत ऐकवलं. बाईंनी वाद घातला नाही, स्वतःच कात्री उचलली.

कान स्वच्छ होता. मेंदूत मसुराएवढी पांढुरकी गाठ होती.

"म्हातारपणी काहींना आपोआपच होते," बाई म्हणाल्या. "पण औषधवाल्यांच्या चारांसमोर ही एकटीच. बैठकीत कोणी ऐकायचं नाही."

एकटी नसावी, हे मास्तरांना ठाऊक होतं. आणखी तिघे होते. तेही बिनऔषधाचे, तशाच वाकड्या मानेचे, आणि तिघांची केव्हाच राख झालेली. राख काही बोलत नाही. निवृत्तीला सात महिने उरले होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी धुतलेला ट्रे पुन्हा धुतला, मग आणखी एकदा. शेवटी तो खाली ठेवला.

"बाई, असे अजून तीन होते. मी कवटी उघडलीच नाही. कान लिहून मोकळा झालो."

बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल पुढे केलं, कागद घेतला आणि तारखा विचारल्या. हे बैठकीत तुम्हालाच सांगावं लागेल, म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. लाजेने त्यांचे कान तापले होते, तरी थोडं हलकंही वाटत होतं.

"आणि आधीच्या चाचण्यांमध्ये असे किती?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि बावीस वर्षांत इथे बंद पडलेली औषधं त्यांना एकेक करून आठवायला लागली.