हात सोडते हं

रंगाऱ्याला उंचीची भीती कधी वाटली नव्हती. तीस वर्षं शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्याने लोकांची छतं रंगवली आणि खाली उभ्या मालकांना वरूनच टोमणे मारले. तोच बहाद्दर आज डॉक्टरच्या खोलीत, तपासणीच्या टेबलावर चढायच्या वीतभर पायरीशी घामाघूम झाला होता. उजवा हात यापुढे डोक्यावर जाणार की नाही, ते आज ठरायचं होतं. हात वर न जाणाऱ्या रंगाऱ्याने कुंपणं रंगवायची, आणि कुंपणं रंगवणाऱ्यांना तो जन्मभर हसत आला होता.

खरं तर भीतीचं मूळ त्याच्याच चलाखीत होतं. सहा महिन्यांपूर्वी तो याच खोलीत आला होता. डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, हात बाजूला उचला आणि मी दहा मोजेपर्यंत तसाच धरा." थकल्या हाताने छत उरकायची एक युक्ती प्रत्येक मुरलेल्या रंगाऱ्याला येते. खांदा कानापर्यंत चढवायचा आणि अंग हळूच दुसऱ्या बाजूला कलतं करायचं. बघणाऱ्याला वाटतं हात वर आहे, पण तो भार पाठीने पेललेला असतो. थंडी वाजते असं सांगून त्याने जाड सदरा अंगावरच ठेवला आणि दात आवळून दहा आकडे काढले. डॉक्टरने कागदावर 'खांद्यात अर्धवट फाट असावी' असं लिहिलं आणि एमआरआय काढून आणायला सांगितलं. 'अर्धवट' या शब्दावर स्वारी इतकी खूश झाली, की एमआरआयची चिठ्ठी त्याने गादीखाली सारली.

गेल्या आठवड्यात गादी झटकताना ती बायकोच्या हाती लागली. ती भांडली नाही. तिने एमआरआयची वेळ ठरवली आणि त्याला घेऊन गेली, बस. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता डॉक्टर पडद्यावर त्याचा खांदा उघडून बसली होती. बायको नेहमीसारखी त्याच्या उजव्या हाताला उभी होती.

"काका, ही फाट अर्धवट नाही, आरपार आहे," डॉक्टर म्हणाली. "स्नायू हाडाला बांधून ठेवणारा पट्टा असतो ना, तो हाडापासून सुटलाय. आता किती सुटलाय ते मोजते."

तिने पडद्यावर एका टोकापासून रेघ ओढायला घेतली. रंगाऱ्याचा जीव त्या रेघेला लटकला. एक सेंटिमीटरच्या आत लहान, तीनपर्यंत मध्यम, पाचपर्यंत मोठी, त्याच्या पलीकडे प्रचंड, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. रेघ तीन ओलांडून गेली. चारसुद्धा गेले. आता थांब की बाई, असं तो मनात ओरडला. रेघ चार पूर्णांक सहा दशांशावर थांबली.

"मोठी," डॉक्टर म्हणाली. "पण शिवता येईल की नाही, ते नुसत्या मापावर ठरत नाही. हा काळा भाग तुमचा स्नायू, आणि त्यातले हे पांढरे पट्टे म्हणजे चरबी. स्नायू फार दिवस बिनकामाचा राहिला की त्यात चरबी भरते."

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही तेव्हा असेच पट्टे पडतात.

"निम्मा स्नायू, निम्मी चरबी दिसतेय. अगदी काठावर आहे," डॉक्टर म्हणाली. तिने जुना कागद काढला. "मागच्या वेळी तुम्ही पूर्ण दहापर्यंत हात धरला होता. ते खरं असेल तर मोठी फाट त्यानंतरची, म्हणजे ताजी. मग मी शिवायचा प्रयत्न करीन. पण फाट तेव्हाच मोठी असेल, तर पट्टा आता सडल्या कापडासारखा झाला असणार. टाके धरणार नाहीत, उलट आणखी फाटेल. मग दुसरं ऑपरेशन. त्याने जेवता येईल, अंघोळ करता येईल. हात डोक्यावर मात्र जाणार नाही. काका, तेव्हा हाताला खरंच जोर होता?"

एक 'हो' म्हटलं की शिडी परत मिळत होती, निदान टाके तुटेपर्यंत. रंगाऱ्याची पाचावर धारण बसली.

"होता," तो म्हणाला.

"अहो," बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"साखरेचा डबा मी खालच्या फळीवर कधी आणला?"

"तुझे गुडघे दुखत होते तेव्हा."

"फळीवरचं काढायला गुडघे कशाला लागतात हो?" ती म्हणाली. "चहा तुम्ही करता. वर्ष झालं, तुम्ही डाव्या हाताने उजवा धरून डबा काढत होता, म्हणून आणला खाली. मग आरसा उतरवला. मग तुमचे सदरे. तुम्हाला वाटलं, मला दिसत नाही."

वर्षभर तो घरात चोरासारखा वावरला होता, आणि घर त्याच्यासाठी एकेक फळी खाली उतरत होतं. त्याला भयंकर लाज वाटली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

डॉक्टर उठली. "सदरा काढा काका. हात मी वर नेते. मग सोडते, तुम्ही हळूहळू खाली आणायचा."

तिने हात वर नेला. "हात सोडते हं."

हात कोसळला, पण मांडीवर आदळला नाही. बायकोचा तळवा कोपराखाली आधीच पोचला होता. तिचं तिलाही कळलं नव्हतं. रस्त्यात, जिन्यात, दारात ती वर्षभर हेच करत आली होती.

"काकू, तुम्ही धरलंत तर मला कसं कळणार?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "जरा बाजूला व्हा. पुन्हा एकदा करू."

बायको भिंतीपर्यंत मागे सरली. डॉक्टरने हात पुन्हा वर नेला. खांदा कानापर्यंत चढवायची जुनी खोड उसळून आली. रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट पकडून ठेवले होते आणि ती रडत होती.

त्याने खांदा खाली सोडला.

"सोडा," तो म्हणाला.